प्राथमिक आरोग्य केंद्रातील मानसोपचार आणि मोबाइल : नागपूरच्या संदर्भात एक पार्श्वभूमी

आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील व्यक्तींची आरोग्यविषयक माहिती भरते, तेव्हा तंबाखू, दारू, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या जोडीला गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, मन उदास राहिले का, हेही तिला विचारायचे असते. देशाच्या प्राथमिक आरोग्यसेवेत या दोन प्रश्नांना जागा मिळायला जवळपास पन्नास वर्षे गेली. मोबाइल त्या वाटचालीच्या अखेरच्या टप्प्यावर आला. त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवण्यासाठी आधीची व्यवस्था नेमकी कुठे तुटत होती ते पाहणे आवश्यक आहे.

नागपुरात सुरुवात मनोरुग्णालयापासून झाली. 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाले आणि 1864 मध्ये येथे मनोरुग्णालय उभे राहिले. मानकापूर परिसरातील आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. 1858 आणि त्यानंतर 1912 च्या कायद्याने या संस्थांची जी चौकट आखली, तिच्यात उपचारापेक्षा ताब्यात ठेवण्याला महत्त्व होते आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश हा दाखल होण्याचा नेहमीचा मार्ग होता. तीव्र आजाराच्या रुग्णाला आसरा देणारे दुसरे ठिकाण संपूर्ण विदर्भात आणि शेजारच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाट भागांत फारसे नव्हते, त्यामुळे या रुग्णालयाचे महत्त्व मोठे होते आणि आजही आहे. परंतु ज्या बाईला झोप लागत नाही, छातीत धडधडते आणि कशातच मन लागत नाही, तिच्यासाठी ही व्यवस्था कधीच नव्हती. ‘मेंटल हॉस्पिटल’ या नावाची धास्तीच इतकी होती की भिवापूर किंवा नरखेड तालुक्यातून कोणी आपण होऊन तिकडे जाण्याची शक्यता नव्हती.

1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने नोंदवले की भारतात सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे मनोरुग्णालयातील एक खाट आहे, तर इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे लोकांमागे एक. खाटा वाढवून ही दरी भरून निघणार नाही, हे पुढच्या तीस वर्षांत स्पष्ट होत गेले. 1975 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने विकसनशील देशांतील मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्याची शिफारस केली आणि त्याच काळात भारतात दोन ठिकाणी त्याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. हरियाणातील रायपूर राणी येथे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचे डॉ. एन. एन. विग आणि त्यांचे सहकारी काम करत होते, तर बंगळूरजवळच्या साकलवारा येथे निम्हान्स या बंगळूरमधील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे पथक होते. मर्यादित प्रशिक्षण मिळालेले आरोग्यसेवक गावातील तीव्र मनोविकार आणि अपस्मार (फिट येण्याचा आजार) ओळखू शकतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर मोजक्या औषधांवर त्यांचे उपचार चालवू शकतात, हा या दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष होता. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच बेतला गेला. 1985 पासून कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात ती पद्धत संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर चालवून पाहण्यात आली आणि 1996 मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

कागदावर ही मांडणी निर्दोष होती. माझ्या मते ती पहिल्या प्रशिक्षणानंतरच्या काळात ढासळली. वैद्यकीय अधिकाऱ्याला काही दिवसांचे प्रशिक्षण मिळे, तो केंद्रावर परते आणि ताप, बाळंतपणे, लसीकरण, सर्पदंश यांच्या गर्दीत मानसिक आजाराचा रुग्ण त्याच्यासमोर येई तो ‘अंग दुखते’, ‘गॅस होतो’, ‘डोके जड वाटते’ अशा तक्रारी घेऊन. शंका आली तरी विचारायला जवळ कोणी नसे. गोळी सुरू केली आणि रुग्ण पुन्हा आला नाही तर ते कोणाच्या लक्षात येत नसे, कारण पाठपुराव्याची नोंद ठेवणारी यंत्रणाच नव्हती. दरम्यान डॉक्टरची बदली होई आणि प्रशिक्षण त्याच्याबरोबर निघून जाई. मैदानी भागात तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे आणि देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. अशा स्थितीत तज्ज्ञाने प्रत्येक केंद्राला नियमित भेट देण्याची कल्पना गणितातच बसत नव्हती. 2001 मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. उपचाराऐवजी लोक दुसरीकडे कुठे जात होते, ते त्या घटनेने देशाला दाखवले.

विदर्भाला या विषयाकडे वळायला लावले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी. आत्महत्येमागची कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव ही कारणे समुपदेशनाने दूर होत नाहीत आणि मानसिक आरोग्याचे नाव पुढे करून ती झाकलीही जाऊ नयेत. पण त्याच घरांत ओळखले न गेलेले नैराश्य आणि दारूचे व्यसन होते, हेही तितकेच खरे. 2015 मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती शोधायच्या आणि त्यांना जिल्हा पथकापर्यंत पोहोचवायचे, असे काम होते. नागपूर जिल्हा त्या यादीत नव्हता. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत झालेला ‘विश्राम’ हा प्रकल्प याहून बारकाईने अभ्यासला गेला. गावातले कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. त्याआधी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीने, विशेषज्ञ नसलेले प्रशिक्षित समुपदेशक सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रभावी काम करू शकतात, हे 2010 मध्ये दाखवले होते. मनुष्यबळाचा प्रश्न अशा रीतीने तत्त्वतः सुटला होता. उरला होता तो माणसांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचा प्रश्न.

मोबाइल या टप्प्यावर उपयोगी पडला. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विशेषज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. रुग्णाला काय विचारायचे, उत्तर हो आले तर पुढे कुठे जायचे, कोणते औषध किती मात्रेत द्यायचे, अशी तिची पायरीपायरीची मांडणी असल्यामुळे ती उपकरणावर चढवणे सोपे होते. त्याच सुमारास तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात ‘स्कार्फ’ संस्थेने दूरचित्रसंवादाची सोय असलेली बस गावोगावी नेऊन चेन्नईतील तज्ज्ञांकडून रुग्णतपासणी सुरू केली. पण त्या पद्धतीतही तज्ज्ञच रुग्ण पाहत होता. आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात जॉर्ज इन्स्टिट्यूट या आरोग्य संशोधन संस्थेने राबवलेल्या ‘स्मार्ट मेंटल हेल्थ’ प्रकल्पाने वेगळी दिशा घेतली. तेथे आशा टॅबलेटवर प्रश्नावली भरते आणि ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरच्या टॅबलेटवर पोहोचते. डॉक्टरला निदान आणि उपचाराचे टप्पे समोर दिसतात. त्याने केलेली नोंद परत आशाकडे येते आणि कोणाच्या घरी लवकर जायला हवे, कोण ठरलेल्या तारखेला आले नाही, कोणाचे औषध थांबले आहे, हे तिला कळते. पाठपुराव्याची जी नोंद बेल्लारीच्या काळापासून हवी होती, ती येथे कामाच्या ओघातच तयार होऊ लागली. पुढे आंध्र प्रदेश आणि हरियाणातील 44 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत झालेल्या चाचणीत, जोखमीच्या गटातील लोकांच्या नैराश्याची तीव्रता तुलनेच्या गटापेक्षा कमी झाल्याचे दिसले.

नैराश्य ओळखण्याच्या अशा प्रश्नावल्यांपैकी सर्वाधिक वापरली जाते ती नऊ प्रश्नांची. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण आणि एकूण 27. दहा किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरने तपासावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ आले तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी हालचाल करावी लागते. ते उत्तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळखून, सासूला किंवा नवऱ्याला बाजूला बसवून पुन्हा विचारण्याचे काम मात्र आशाच करू शकते.

नागपुरात 2016 मध्ये राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘उडान’ प्रकल्प हाती घेतला. मनोरुग्णालयाची सुधारणा आणि जिल्ह्यातील समाजाधारित सेवा ही दोन्ही कामे त्यात एकत्र जोडली गेली. दीडशे वर्षे जुन्या संस्थेने आपल्या भिंतींबाहेरची जबाबदारी स्वीकारणे ही या शहराच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्राथमिक स्तरापासून सर्व स्तरांवर मानसिक आरोग्यसेवेचा समावेश करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकाची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची, नियमावली आली, ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला दूरच्या डॉक्टरशी बोलता येऊ लागले आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलि-मानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली.

या सगळ्याचा उपयोग किती होईल ते काही साध्या गोष्टींवर ठरणार आहे. नैराश्याची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध भांडारात महिनोन्‌महिने नियमित नसेल, तर अ‍ॅपने शोधलेला रुग्ण पुन्हा नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) रांगेतच उभा राहील आणि चार फेऱ्यांत मजुरी बुडाली की उपचार सोडेल. रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतील पेंचच्या जंगलालगतच्या गावांसाठी नोंदणी नेटवर्कशिवाय चालणारी आणि नंतर आपोआप जुळणारी असली पाहिजे. आशांच्या आंदोलनांत ऑनलाइन कामाच्या ओझ्याचा मुद्दा सतत येतो तो रास्त आहे. मानसिक आरोग्याची भेट वेळखाऊ असते आणि तिचा स्वतंत्र मोबदला ठरवल्याशिवाय ती प्रामाणिकपणे व्हावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. गोपनीयतेचा प्रश्नही घरातच सुरू होतो. 2017 च्या कायद्यातील कलम 24 डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही गोपनीयतेचे संरक्षण देते. परंतु नोंदवलेला क्रमांक नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि आठवणीचा फोन तोच उचलतो. रुग्णाशी संपर्क कसा करायचा हे तिला आधी विचारून नोंदवण्याची सोय प्रत्येक अ‍ॅपमध्ये असायलाच हवी.

सर्वात मोठी उणीव वयाची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतील 22,746 महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. वयोगटांत 18 ते 30 हा गट सर्वात मोठा असतो. आशा भरत असलेली प्रश्नसूची मात्र तिशीपुढच्यांसाठी आहे, कारण ती मूळ रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी आखलेली होती. त्यामुळे कळमेश्वर किंवा हिंगण्यातील बावीस वर्षांच्या मुलाला आज मन उदास राहते का, हा प्रश्न दारात येऊन कोणी विचारत नाही. त्याच्यासाठी 14416 आहे, पण तेथे फोन त्यानेच करायचा असतो. आशाच्या मोबाइलवरील यादीत वयाची अट बदलणे हे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम आहे. ते करताना औषध, मोबदला आणि तज्ज्ञाचा वेळ यांची तरतूद त्याच प्रमाणात वाढवावी लागेल आणि तो निर्णय आरोग्य विभागाला घ्यावा लागेल.