पॅड बदलायचे की डिस्कही? लहान गाडीच्या ब्रेकचा खर्च नेमका कुठे वाढतो

‘पुढचे ब्रेक संपलेत, बदलावे लागतील’ असं मेकॅनिक म्हणतो, आपण हो म्हणतो, आणि एस्टिमेटवरचा आकडा बघून दचकतो. बहुतेक वेळा घोळ एवढाच असतो की आपल्या डोक्यात फक्त पॅड असतात आणि कागदावर पॅडच्या जोडीला डिस्कही लिहिलेली असते. दोन्ही एकाच चाकामागे असतात, एकमेकांवर घासतात, म्हणून एकच काम वाटतं. पण दोघांचं आयुष्य वेगळं आणि किंमतही वेगळी.

चाकाबरोबर फिरते ती डिस्क, बिडाची. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. पोलादी पट्टीवर घर्षणाच्या मिश्रणाचा थर चिकटवलेला असतो, आणि तो झिजण्यासाठीच असतो. नव्या पॅडवर हा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलून टाकावेत. डिस्क मात्र फार हळू झिजते. लहान गाडीची पुढची डिस्क साधारण 20 मिलिमीटर जाड असते, आणि त्यातली जेमतेम 2 मिलिमीटर झिजायला परवानगी असते. त्याखाली गेलेली डिस्क उष्णता नीट सोसत नाही, तडकू शकते. म्हणून डिस्क एकदा बदलेपर्यंत पॅडचे एकापेक्षा जास्त संच सहज संपतात.

हेच एस्टिमेट वाचताना उपयोगी पडतं. डिस्क बदलायची की नाही हे नजरेने ठरवायची गोष्टच नाही. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो, कडेला किंवा मधल्या उंच भागावर. मायक्रोमीटर लावून चार-पाच ठिकाणी मोजायचं आणि त्या आकड्याशी ताडून बघायचं. साधा व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी, इथे फसवतो, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली वर राहिलेली कड असते आणि त्याचे जबडे तिच्यावरच टेकतात. मग झिजलेली डिस्कही जाड भरते. ‘माप किती आलं?’ हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. पावसात गाडी रात्रभर उभी राहिल्यावर डिस्कवर दिसणारा तांबूस गंज हे तर बदलायचं कारणच नव्हे. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो.

लक्षणंही वेगळी असतात. ब्रेक लावताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला तर बहुधा पॅडवरची सूचनेची पत्र्याची पट्टी डिस्कला लागतेय. हा आवाज ऐकून लगेच गाडी दाखवली तर काम पॅडवर भागतं. दुर्लक्ष केलं तर मिश्रण संपून पॅडची पोलादी पट्टीच डिस्कवर घासायला लागते, खरखर ऐकू येते, डिस्कवर खोल चरे पडतात आणि खर्च तिथे वाढतो. थांबायचं अंतर वाढतं ते वेगळंच, आणि ती गोष्ट पैशांपेक्षा कितीतरी मोठी आहे. ब्रेक लावताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय डिस्कवर घ्यावा: तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही पायाला जाणवतो. जाडी शिल्लक असेल तर अशी डिस्क लेथवर सरळ करून घेता येते.

जुन्या पण मापात असलेल्या, गुळगुळीत डिस्कवर नवे पॅड चालतात. उलटं मात्र करू नये. जुने पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांप्रमाणे घासलेले असतात, ते नव्या सपाट डिस्कवर पूर्ण टेकत नाहीत. म्हणजे डिस्क बदलली की पॅडचा खर्च आलाच. दोन्ही गोष्टी एका अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांना जोडीनेच बदलतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

मजुरीकडेही नीट बघा. पॅडसाठी चाक आणि कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) काढावेच लागतात. डिस्कसाठी त्यापुढे थोडंच काम उरतं. दोन्ही एकाच वेळी होत असेल तर डिस्कची मजुरी वेगळी, पूर्ण लावणं पटणारं नाही. आणि डिस्क मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर आताच बदलणं स्वस्त पडतं, कारण काही महिन्यांनी तीच खोलाखोल पुन्हा होते आणि अर्धवट झिजलेले पॅडही टाकावे लागतात.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) असेल तर तिथे पॅड नसतात, शू असतात. त्याचा हिशोब अगदी निराळा.

जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूपच पातळ झालेला असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकत असण्याची शक्यता मोठी. पिना साफ करून ग्रीस लावणं हे डिस्कच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम आहे. ते राहून गेलं तर नवे पॅडही तसेच एका बाजूने संपतील.