एका ड्रममध्ये कोणती खतं चालतात?

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी निसवायला लागली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, की ठिबकमधून पोटॅश वाढवायची घाई सुरू होते. कॅल्शियमही द्यायचं असतं. मग दोन्ही खतं एकाच ड्रममध्ये पडतात. पाणी दुधाळ होतं, तळाला पांढरा गाळ बसतो आणि खतात भेसळ आहे म्हणत आपण दुकानदाराला धरतो. खत बहुतेक वेळा अस्सल असतं, फक्त त्या दोघांची कंपॅटिबिलिटी, म्हणजे एकमेकांशी जमणं, नसते. हा एकट्या खताचा गुण नव्हे. सोबत दुसरं काय आहे, किती आहे आणि पाणी कसं आहे, यावर तो ठरतो.

कॅल्शियम नायट्रेट विरघळलं की त्याचे कॅल्शियम आणि नायट्रेट असे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. सल्फेट ऑफ पोटॅश या पोटॅशच्या खताचंही तसंच, त्याचे पोटॅशियम आणि सल्फेट सुटे होतात. दोन्ही खतं एकेकटी छान विरघळतात. पण एकत्र आली की कॅल्शियमला सल्फेट गाठतं आणि जिप्सम तयार होतं. ते लिटरभर पाण्यात जेमतेम २.४ ग्रॅम विरघळतं. आता हिशेब करा. २०० लिटरच्या ड्रममध्ये दोन्ही खतं ५-५ किलो टाकली, तर सुमारे ४ किलो जिप्सम होण्याइतका माल त्यात असतो. विरघळलेलं राहणार अर्धा किलो. बाकीचं ड्रीपरच्या बारीक वाटेत जाऊन बसतं. शिवाय जे कॅल्शियम मुळांना हवं होतं, तेच गाळात अडकतं.

बारा-एकसष्टसारखं (१२:६१:००) स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फेटचं खत कॅल्शियमसोबत टाकणं त्याहून वाईट, कारण कॅल्शियम फॉस्फेट जिप्समपेक्षाही कमी विरघळतं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातच कॅल्शियम असतं, म्हणून कधीकधी एकटं बारा-एकसष्टही पाणी गढूळ करतं. झिंक सल्फेटचंही स्फुरदाशी जमत नाही, चिलेटेड झिंक, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं झिंक, मात्र चालतं. कॅल्शियम नायट्रेटसोबत युरिया किंवा तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बिनधास्त द्यावं.

शंका असेल तर बाटलीत बघा, मला हा उपाय फार आवडतो. काचेच्या स्वच्छ बाटलीत आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणी घ्या. २०० लिटरला ५ किलो द्यायचं असेल, तर इथे प्रत्येकी २५ ग्रॅम. पहिलं पूर्ण विरघळल्यावरच दुसरं टाका आणि तास-दोन तास तसंच ठेवा. गढूळ झालं किंवा गाळ बसला तर ती खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा, मध्ये साध्या पाण्याने नळ्या धुऊन काढा. फिल्टरचं आरओ पाणी वापरून ही चाचणी करू नका, कारण ठिबकमधून ते पाणी जात नाही.

ड्रीपर आधीच बंद पडले असतील तर आम्ल प्रक्रिया करतात. पाण्यातल्या चुन्याचा आणि फॉस्फेटचा थर आम्लात विरघळतो. जिप्समवर मात्र आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. त्या नळ्यांना मग बरेचदा ड्रीपरच बदलावे लागतात.