अर्धवट राहिलेली गोधडी पूर्ण करायचीय? मग गाठोडं सोडायच्या आधी हे वाचा

बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर दिवाणाच्या आत एक गाठोडं असतं, त्यात कापून ठेवलेले चौकोन, जोडलेल्या चार-दोन पट्ट्या, कुठेतरी टोचून ठेवलेली सुई आणि पुढच्या सुट्टीत करू करू म्हणून तशीच राहिलेली गोधडी. कधी ती आपणच सुरू केलेली असते, कधी आईने, कधी सासूबाईंनी. असं गाठोडं घेऊन जे लोक आमच्याकडे गोधडी पूर्ण करून घ्यायला येतात त्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "याला मॅचिंग कापड मिळेल का हो?"

तर ते बहुतेक वेळा मिळत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं प्रिंट आज दुकानात कुठून येणार. आणि आमचं मत विचाराल तर ते शोधत बसण्यातच गोधडी आणखी पाच वर्षं मागे पडते. गोधडी मुळात घरात जे कापड उरलंय त्याचीच करायची वस्तू आहे, म्हणून जेवढे तुकडे हातात आहेत तेवढ्यात बसेल अशी ती करायची, मूळचं माप आणि मूळची डिझाईन बदलली तरी चालेल. हे पत्रक त्यासाठीच लिहिलंय. आमच्याकडून करून घ्या किंवा घरी करा, दोन्हीला उपयोगी पडेल.

गाठोडं सोडल्यावर

सगळं एका पांढऱ्या चादरीवर, दिवसाउजेडी पसरा. दिव्याच्या उजेडात डाग दिसत नाहीत आणि कसर लागलीय की नाही तेही कळत नाही. तुकडे झटकून तासभर उन्हात टाका, गडद रंगाचे असतील तर उलटे करून. डांबराच्या गोळ्यांचा वास काही दिवस वाऱ्यावर ठेवलं की जातो, त्यावर सेंट किंवा स्प्रे मारू नका, त्याचे डाग पडतात.

मग एकेक तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलका ताणा. चर्र असा आवाज आला किंवा धागे विरलेले दिसले तर तो तुकडा एकटा टिकणार नाही. जुनं रेशीम बहुतेक वेळा घडीच्या रेघेवरच फाटतं, म्हणून पैठणीचा किंवा रेशमी खणाचा तुकडा असेल तर घडी मोडून मधोमध बघा. असा विरलेला पण जवळचा तुकडा टाकून द्यायची गरज नाही, त्याच्या मागे मलमलचा तेवढाच तुकडा लावून चारी बाजूंनी टाचला की तो एक कापड म्हणून वापरता येतो. आम्ही हे नेहमी करतो आणि ते चांगलं टिकतं.

दोऱ्याचंही तेच. गाठोड्यात सापडलेलं जुनं रीळ असेल तर हातभर दोरा काढून हिसका द्या, पटकन तुटला तर तो दोरा वापरायचा नाही, कितीही रंग जुळत असला तरी.

सुती कुठलं, पॉलिएस्टर कुठलं

हे बघणं फार महत्त्वाचं, कारण सुती कापड धुतल्यावर आटतं आणि पॉलिएस्टर आटत नाही, मग दोन्ही शेजारी शेजारी शिवले तर पहिल्या धुण्यातच सांध्यावर चुण्या पडतात. शिवाय पॉलिएस्टरवर गरम इस्त्री फिरली तर ते वितळतं. ओळखायची घरगुती रीत सोपी आहे, कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि सिंकजवळ पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिएस्टरचा धागा वितळून आकसतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिक्स कापडात थोडं थोडं दोन्ही दिसतं.

पॉलिएस्टर निघालं तर ते तुकडे बाजूला काढून त्यांची वेगळी पिशवी किंवा बसकर करा. सुती तुकडे मात्र शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा, अगदी कोरे असले तरी. फार छोटे तुकडे असतील तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मग भिजवा, नाहीतर कडा सुटून धाग्यांचा गुंता होतो.

रंगाचा त्रास मुख्यतः लाल, मरून आणि काळ्या-निळ्या कापडांचा. तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा, पांढऱ्यावर रंग उतरला तर तो गोधडीतही उतरणार. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं बरेच जण सांगतात, पण हल्लीच्या सुती कापडाच्या रंगांवर त्याने काही फरक पडत नाही. पाणी बदलत बदलत स्वच्छ निघेपर्यंत भिजवणं एवढाच उपाय. तरीही रंग सुटत राहिला तर ते कापड या गोधडीत घेऊ नका, फिकट रंगाच्या शेजारी तर अजिबात नाही.

चौकोन कमी पडतायत

सगळ्यात जास्त गोधड्या इथेच अडकतात, म्हणून जरा हिशोबच मांडतो.

समजा सिंगल बेडची 60 बाय 90 इंचाची गोधडी ठरवली होती आणि तयार चौकोन 6 इंचाचा. म्हणजे आडवे 10 आणि उभे 15, एकूण 150 चौकोन लागतात, आणि शिवणीला दोन्हीकडून पाव पाव इंच धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचाचा कापायचा. आता गाठोड्यात मोजले तर निघाले 96. लगेच उरलेल्या 54 साठी कापड शोधायला निघू नका. 96 म्हणजे आडवे 8 आणि उभे 12, याची 48 बाय 72 इंचाची मधली चौकट होते. तिला चारी बाजूंनी 6 इंचाचा काठ लावला की झाली 60 बाय 84. एका माणसाला अंगावर घ्यायला हे माप पुरतं.

आणि काठाला कापड लागतं किती? चारी बाजू मिळून सात मीटरच्या आत. एका सहावारी साडीला दोन्हीकडचा काठ धरला तर अकरा मीटर मिळतो, म्हणजे एकच जुनी सुती साडी घ्यायची, तिचे काठ अंगच्या कापडासकट साडेसहा इंच रुंदीचे कापून घ्यायचे, आणि मधली उरलेली साडी आतल्या थराला वापरायची. इरकलीचा किंवा नारायणपेठी काठ असेल तर वेगवेगळ्या चौकोनांना तो असा काही बांधून घेतो की आधी 150 चौकोन ठरवले होते हे बघणाऱ्याला कळत पण नाही.

चौकोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी कापलेले असले तर माप हमखास पुढेमागे असतं. त्यातला सगळ्यात लहान चौकोन शोधा आणि बाकी सगळे त्याच्या मापाचे करा. खूप जण ओढून ताणून जुळवतात, आणि मग गोधडी जमिनीवर पसरली की मध्ये फुगवटा येतो. शिवण पण सगळीकडे सारखी पाव इंचच पाहिजे. एका शिवणीत दोन्ही बाजूंनी एक एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं तर वाटतं काय एवढं, पण 15 चौकोनांच्या ओळीत 14 शिवणी असतात, म्हणजे ती ओळ साडेतीन इंच आखूड होते आणि शेजारच्या ओळीला जुळत नाही. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून घ्या, कापड तिला टेकवून चालवलं की काम झालं. आणि ओळी जोडताना एका ओळीतल्या शिवणी डावीकडे दाबून इस्त्री करा, खालच्या ओळीतल्या उजवीकडे, मग चौकोनांचे कोपरे आपोआप एकमेकांत बसतात.

बारीक चिंध्यांचं काय करायचं

दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, ब्लाऊजपीसचे उरलेले कोपरे, टेलरकडच्या चिंध्या, हे सगळं वापरता येतं. जुन्या धोतराचा किंवा चादरीचा साडेसहा इंचाचा चौकोन घ्या, त्यावर मधोमध तिरकी एक पट्टी सुलटी ठेवा, तिच्यावर दुसरी उलटी ठेवून कडेने शीव घाला, उलगडा, इस्त्री करा, मग पुढची. चौकोन भरला की मागच्या कापडाच्या मापाने कडा छाटा. पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या असल्या तरी चालतं, उलट छान दिसतं. वरच्या उदाहरणात पाच-सहा चौकोन कमी पडत असतील तर ते असे भरून काढा. टी-शर्टचं कापड घ्यायचं असेल तर आधी मागे इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावा, नाहीतर ते शिवताना ताणत जातं.

ज्यांच्याकडे एकसारखा असा एकही चौकोन नाही, नुसते कसेही कापलेले तुकडे आहेत, त्यांनी सिद्दी बायका करतात ती कवंदीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, पद्धत जरूर करून बघावी. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात हा समाज राहतो, आपल्याच शेजारी, आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी भरपूर आहे. त्या आधी वरचा भाग जोडून ठेवत नाहीत. अस्तराच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडा ठेवायचा, त्याची कड दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट अस्तरासकट शिवत आत आत मध्यापर्यंत जायचं. कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. यात मापाचा प्रश्नच येत नाही, आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं पुढे सरकता येतं.

वरचा भाग तयार आहे, थर लावायचे राहिलेत

अस्तर वरच्या भागापेक्षा प्रत्येक बाजूला 4 इंच मोठं हवं. 60 बाय 84 साठी 68 बाय 92 चं अस्तर लागतं, आणि सहावारी साडीचे 92 इंचाचे दोन तुकडे उभे जोडले की ते निघून वर पाऊण मीटर कापड उरतं. मधल्या थराला दोन-तीन मऊ सुती साड्या पुरे, सुटा कापूस घालत असाल तर टाके खूप जवळ घ्यावे लागतील नाहीतर तो गोळा होतो.

खाली अस्तर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा, फार ताणू नका. त्यावर साड्या, त्यावर वरचा भाग. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने वीत वीत अंतरावर कच्चे टाके घाला. लोक हेच काम टाळतात कारण कंबर भरून येते आणि पूर्ण झाल्यावर हे टाके काढूनच टाकायचे असतात, पण नंतर पडणाऱ्या सगळ्या चुण्या इथल्या आळसामुळे पडतात. पारंपरिक गोधडी चारी कडांनी शिवत आत आत जाते, त्यामुळे सैल राहिलेलं कापड ढकललं जाऊन मध्यभागी साचतं. कच्चा टाका नीट असेल तर तसं होत नाही.

हाताचे टाके अर्ध्यावर राहिलेत

अशी गोधडी बहुतेक वेळा आजीची किंवा आईची असते आणि आमच्याकडे येणारे जरा घाबरलेलेच असतात. आमचं सांगणं एकच, आधीचे टाके उसवू नका. मध्यंतरी एक ताई आजीची वाकळ घेऊन आल्या होत्या, एक तृतीयांश शिवलेली, टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि ओळींमधलं अंतर बोटभर. त्यांचा स्वतःचा टाका दुप्पट मोठा पडत होता म्हणून त्यांना सगळं काढून मशीनने करून हवं होतं. आम्ही म्हटलं तुम्ही तुमच्याच टाक्याने पुढे चालवा, फक्त दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. आजीचा पांढरा होता, त्यांनी हळदीचा पिवळा घेतला. आता पांढरा दोरा संपून पिवळा कुठे सुरू झाला ते स्पष्ट दिसतं आणि त्यांच्या मुलीला ती जागा पाठ आहे.

आधीचे टाके पक्के आहेत का ते मात्र तपासा, नखाने हलकं उचलून बघा. दोरा कुजलेला असेल तर तो तसाच राहू द्या आणि त्याच्या बाजूने नवी ओळ घाला. नवा दोरा सुती घ्या, एका वेळी हातभरच, त्याहून लांब घेतला की कापडातून ओढला जाऊन विरतो. मेणावरून एकदा फिरवला की गुंतत नाही. मशीनने करणार असाल तर थरांसाठी 16 नंबरची सुई लावा, नुसते चौकोन जोडताना 14 नंबर ठीक.

गोट

गोधडीच्या कडेने अडीच इंचाच्या सरळ पट्ट्या दुहेरी घडी घालून लावा. 60 बाय 84 च्या गोधडीला सांधे धरून साधारण 300 इंच पट्टी लागते, 44 इंच पन्ह्याच्या अर्धा मीटर कापडात ती बसते. गोलाकार कोपरे असतील तरच उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापायची, एरवी त्यात कापड वाया जातं.

आम्ही काय करतो

चौकोन एका मापाचे करून देणं, ओळी जोडणं, थर लावून कच्चे टाके घालून देणं, हाताने किंवा मशीनने पूर्ण शिवणं, गोट लावणं, यातलं जेवढं हवं तेवढंच सांगा. पुष्कळ जण फक्त थर लावून नेतात आणि टाके घरी घालतात, ते आम्हाला आवडतं. गाठोड्यातला कुठलाही तुकडा तुम्हाला विचारल्याशिवाय बदलला जाणार नाही, आणि छाटलेल्या चिंध्या पण पिशवीत घालून परत मिळतील. बारशासाठी दुपटं किंवा छोटी गोधडी हवी असेल तर तारीख आधी सांगा, हाताच्या कामाला वेळ लागतो आणि थंडीच्या तोंडावर गर्दी असते.

येताना गाठोडं धुऊन, निवडून आणू नका, जसं आहे तसं सगळं आणा. कागदावर काढलेली डिझाईन, पिन लावलेली चिठ्ठी, कापायचा पुठ्ठा, काही असेल तर तेही त्यातच राहू द्या, त्यावरून मूळ माप काय होतं ते कळतं. आणि घरातल्या एक-दोन जुन्या सुती साड्या सोबत घेऊन या, काठाला आणि अस्तराला.