यकृतकार्य तपासणी आणि खान्देश

यकृतकार्य तपासणी : रक्तातील बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटून निघणारे पिवळे रंगद्रव्य), काही विकरे (एन्झाइम) आणि प्रथिने मोजून यकृताच्या स्थितीचा अंदाज घेणारा चाचण्यांचा संच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे डॉक्टर चिठ्ठीवर ‘एलएफटी’ लिहितात. रुग्णांच्या तोंडी तो ‘लिव्हरचा रिपोर्ट’ किंवा ‘काविळीची तपासणी’ असतो. संचात साधारणपणे एकूण, प्रत्यक्ष (यकृताने प्रक्रिया केलेले) व अप्रत्यक्ष (प्रक्रियेआधीचे) बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी व अल्कलाइन फॉस्फेटेज ही विकरे, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन येतात. काही प्रयोगशाळा जीजीटी हे आणखी एक विकर जोडतात. रक्त गोठायला लागणारा वेळ सांगणारी पीटी-आयएनआर ही चाचणी मात्र बहुधा वेगळी लिहून द्यावी लागते, आणि गंभीर आजारात सर्वांत मोलाची तीच ठरते.

रिपोर्ट हाती पडला की नजर ठळक छापलेल्या एसजीपीटीवर जाते. हा आकडा यकृत किती काम करते ते सांगत नाही. यकृताच्या पेशींना इजा होऊन त्यांतले विकर रक्तात किती झिरपले, एवढेच सांगतो. कामाचा हिशेब खालच्या ओळींत असतो. अल्ब्युमिन यकृतातच तयार होते, रक्त गोठवणारे बहुतेक घटकही तिथलेच. म्हणून एसजीपीटी १,५०० असलेला, पण आयएनआर प्राकृत (नॉर्मल) असलेला काविळीचा तरुण बहुधा महिन्या-दीड महिन्यात बरा होतो. तर एसजीपीटी ३८ म्हणजे मर्यादेत, पण अल्ब्युमिन २.४ इतके कमी आणि आयएनआर १.९ इतका वाढलेला असलेल्या माणसाचे यकृत सिरोसिसने (पेशींच्या जागी व्रणाचे तंतू साचून) आक्रसलेले असू शकते. इजा व्हायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, तर विकर वाढणार कुठून? तीव्र काविळीत एसजीपीटी झपाट्याने उतरले आणि त्याच वेळी बिलिरुबिन व आयएनआर चढत राहिले, तर ती सुधारणा नसून यकृत निकामी होत असल्याची खूण असते. अशा रुग्णाला गुंगी किंवा बरळणे सुरू झाले तर घरी ठेवण्यात अर्थ नाही.

अल्ब्युमिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असते. त्यामुळे कालपरवाच्या आजारात ते घटत नाही. आयएनआर एक-दोन दिवसांतच बदलतो. अल्ब्युमिन कमी दिसले की लगेच यकृताला दोष देणेही बरोबर नाही. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाणे, दीर्घ जंतुसंसर्ग आणि सातपुड्याच्या पाड्यांवर नेहमी दिसणारे कुपोषण यांतही ते खाली येते.

एसजीओटी प्रथम प्रकाशात आले ते यकृतामुळे नव्हे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कारमेन, व्रोब्लेव्स्की व लाड्यू यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे विकर रक्तात वाढते, असे दाखवले. हृदय, स्नायू आणि तांबड्या पेशींतही ते असते. एसजीपीटी मुख्यतः यकृतातले. रावेर-यावलकडे दिवसभर केळीचे घड वाहणाऱ्या मजुराचे, किंवा चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जाऊन आलेल्या भाविकाचे एसजीओटी थोडे वाढलेले निघाले, तर आधी सीपीके हे स्नायूंचे विकर पाहावे. त्याच भाविकाने वाटेत उपवास धरला असेल आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिन दीड-दोनवर गेले असेल, तर गिल्बर्ट सिंड्रोमचा विचार करावा. ही जन्मजात, निरुपद्रवी ठेवण आहे. उपाशी राहिले, ताप आला की बिलिरुबिन वाढते आणि जेवण सुरळीत झाले की उतरते. अशा लोकांना वर्षानुवर्षे काविळीचे पथ्य पाळायला लावले जाते, हे अनाठायी आहे.

बिलिरुबिन एकूण १.२ मिलिग्रॅमपर्यंत (दर डेसिलिटरला) प्राकृत मानतात. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते दोन-तीनच्या पुढे जावे लागते. अप्रत्यक्ष भाग म्हणजे तांबड्या पेशी फुटून निघालेला, यकृताने अजून न हाताळलेला. प्रत्यक्ष भाग यकृताने प्रक्रिया केलेला. ही विभागणी खान्देशात विशेष महत्त्वाची आहे, कारण नंदुरबारसह सातपुड्याच्या भिल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत राहतात. अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते, एसजीओटी किंचित वर जाते, एसजीपीटी ठीक असते आणि हिमोग्लोबिन कमी. डोळे पिवळे, तरी यकृत निर्दोष. अशा मुलाला काविळीची औषधे देत बसण्यापेक्षा सिकलसेलसाठीची विद्राव्यता चाचणी आणि नंतर हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी. त्याच रुग्णात पुढे प्रत्यक्ष बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढले व पोटात कळ येऊ लागली, तर पित्तखडा नलिकेत अडकल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करतात. सतत फुटणाऱ्या पेशींमुळे या रुग्णांत रंगद्रव्याचे खडे लहान वयातच होतात.

अल्कलाइन फॉस्फेटेज पित्ताचा मार्ग अडला की वाढते. सोबत अंगाला खाज, गडद लघवी आणि पांढुरकी विष्ठा असेल तर अडथळ्याची शक्यता बळावते. पण वाढीच्या वयातल्या मुलांत हाडांमुळे आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारेमुळे (प्लॅसेंटा) हा आकडा एरवीही जास्त असतो. शंका असल्यास जीजीटी पाहावे. हाडांच्या कारणाने ते वाढत नाही.

विषाणूजन्य काविळीत चित्र उलटे असते : एसजीपीटी हजाराच्या घरात, फॉस्फेटेज थोडेसेच वर. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात. ई प्रकार गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. तिची आयएनआर तपासणी टाळू नये. इतरांत हे दोन्ही आजार बहुधा आपोआप बरे होतात, आणि खेड्यापाड्यांत कावीळ उतरवणाऱ्याच्या माळेला मिळणारे श्रेय मुख्यतः त्याचे आहे. विकरे उतरल्यावरही डोळे काही आठवडे पिवळे राहू शकतात, कारण प्रत्यक्ष बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला असतो आणि त्याच्याच गतीने जातो. त्या काळात उसाचा रस आणि फुटाण्यांवर राहून, तेल-हळद सोडून रुग्ण उगाच खंगतो. भूक लागेल तसे साधे जेवण पुरते.

मद्यामुळे झालेल्या विकारात एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असते, पण तीनशेच्या पुढे क्वचितच जाते, जीजीटीही वाढते. मोहाची असो वा देशी, यकृताच्या लेखी फरक नाही. एसजीओटी हजारांत गेले तर दारूखेरीज दुसरे कारण शोधावे लागते. पॅरासिटामॉलचे जादा डोस हे त्यांपैकी एक. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या गोळ्यांनीही यकृताला इजा होऊ शकते. मळमळ, उलटी, कावीळ अशा लक्षणांसह एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणांशिवाय पाचपट झाले, तर डॉक्टर त्या थांबवतात. रुग्णाने स्वतः बंद करू नयेत. झाडपाल्याच्या औषधांविषयी विचारले तर लोक बहुधा ‘काही नाही’ म्हणतात, म्हणून नाव घेऊन विचारावे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची काही प्रकरणे प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्यांचा निष्कर्ष नाकारला. वाद असला तरी कारण न सापडलेल्या एसजीपीटीवाढीत काढे थांबवून पुन्हा तपासणी करणे शहाणपणाचे.

रक्त कसे पोचले यावरही आकडे अवलंबून असतात. धडगाव-मोलगीच्या बाजूने घाट उतरून आलेल्या नळीतल्या पेशी फुटलेल्या असतील, तर एसजीओटी खोटे वाढते. बिलिरुबिन प्रकाशात विघटित होते (पिवळ्या पडलेल्या नवजात बाळाला निळ्या प्रकाशात ठेवतात ते याच गुणामुळे), त्यामुळे मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उघडी राहिलेली नळी ते कमी दाखवते. तर्रीदार शेवभाजी हाणून लगेच रक्त दिले, तर सीरम (पेशी वगळून उरलेला रक्तातील द्रव) गढूळ होऊन मोजणी बिघडू शकते.

प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून दोन रिपोर्ट ताडताना शेजारी छापलेली मर्यादाही पाहावी. मर्यादा ठरवताना निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के घेतात, तेव्हा काही धडधाकट माणसे बाहेर पडणारच. उलट अमेरिकी तज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये एसजीपीटीची निरोगी मर्यादा पुरुषांत २९ ते ३३ आणि स्त्रियांत १९ ते २५ अशी सुचवली. छापील चाळीसच्या आतले सगळेच निर्धोक नसतात. मेदयुक्त यकृतात (फॅटी लिव्हर) तर विकरे पुष्कळदा प्राकृतच असतात. मधुमेही, पोट सुटलेल्या माणसात वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढतात : १.३ पेक्षा कमी असल्यास यकृत कडक झाल्याची शक्यता थोडी, २.६७ पेक्षा जास्त असल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करणे किंवा तज्ज्ञाकडे पाठवणे.

हिपॅटायटिस बी व सी हे या संचातून कळत नाहीत. त्यांच्या विषाणूचा वाहक असलेल्या माणसाचा एलएफटी वर्षानुवर्षे स्वच्छ येऊ शकतो. त्यासाठी एचबीएसएजी (बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सीसाठी) या रक्तचाचण्या वेगळ्या कराव्या लागतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत.