पिट्युटरीच्या गाठी आणि बदललेल्या कोडची पार्श्वभूमी

पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, अनेक हार्मोन्स सोडणाऱ्या छोट्या ग्रंथीत, गाठ सापडली की बहुतेक पेशंटना डॉक्टर पहिल्यांदा सांगतात, ‘कॅन्सर नाही, घाबरू नका.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या गाठींच्या वर्गीकरणात मात्र या गाठींना घातक, म्हणजे कॅन्सरसारख्या, गाठींचा नोंदणी-कोड मिळाला. नावाचा आणि विम्याचा सध्याचा गोंधळ तिथून सुरू झाला.

या गाठींमुळे हातपाय आणि जबडा वाढत जाण्याच्या आजाराला ॲक्रोमेगाली हे नाव १८८६ मध्ये मिळालं. नाकावाटे गाठ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९०७ मधली. चेहरा सुजणं, पोट सुटणं, रक्तदाब वाढणं या लक्षणांमागे इवलीशी गाठ असू शकते, हे १९३२ मध्ये मांडलं गेलं. तरीही अनेक दशकं गाठ कळायची ती कवटीच्या एक्स-रेमध्ये पिट्युटरी जिच्यात बसते ती हाडाची खोबण रुंदावलेली दिसली तर, किंवा नजर अधू झाल्यावर. खरा पालट १९७० नंतर झाला. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं पिट्युटरीचं हार्मोन रक्तात मोजता येऊ लागलं आणि पाळी बंद झालेल्या, मूल होत नसलेल्या कितीतरी बायकांच्या त्रासाचं मूळ सापडलं. प्रोलॅक्टिनच्या गाठी आज बहुतेक वेळा गोळ्यांनीच आक्रसतात, ऑपरेशन लागत नाही. ॲक्रोमेगालीचं निदान मात्र अजूनही वर्षानुवर्षं रखडतं. अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढला, तरी वय झालं म्हणून सगळे सोडून देतात.

कारणांचा शोध त्याहून उशिरा लागला. गाठ एकाच बिघडलेल्या पेशीपासून वाढते, हे १९९० च्या सुमारास स्पष्ट झालं. ॲक्रोमेगाली घडवणाऱ्या, वाढीच्या हार्मोनच्या सुमारे ४० टक्के गाठींत एका विशिष्ट जनुकातला बदल आढळतो. तो जन्मतः नसतो, पुढे त्या पेशीतच होतो. घराण्यात चालत येणाऱ्या गाठी थोड्या, साधारण ५ टक्के. त्यातल्या एका जनुकाचा माग २०११ मध्ये अठराव्या शतकातल्या एका अतिउंच आयरिश ‘राक्षसा’च्या सांगाड्यातल्या दातांपर्यंत पोचला. उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही तोच बदल सापडला. उरलेल्या बहुतेक पेशंटना ‘मलाच का?’ याचं उत्तर देता येत नाही. ताण, मोबाईल किंवा आहार यांच्यावर बोट ठेवावं इतका पुरावा नाही, आणि पेशंटने स्वतःला दोष देण्याचं तर काहीच कारण नाही.

आता नावाचा वाद. या गाठींना पूर्वापार ‘ॲडेनोमा’, म्हणजे ग्रंथीची साधी गाठ, म्हणत. काही गाठी शेजारच्या शिरांच्या पोकळीत घुसतात, काढल्या तरी पुन्हा येतात, आणि ‘साधी गाठ’ म्हटल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, असा काही पॅथॉलॉजिस्टांचा आक्षेप होता. तो रास्तही आहे. वर्षानुवर्षं नजर गमावत गेलेल्या माणसाला ‘साधी’ म्हणून समजूत घालणं कठीण. २०१७ च्या सुमारास त्यांनी ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) हे नाव पुढे केलं. आतड्यातल्या किंवा स्वादुपिंडातल्या ज्या गाठी शरीरभर पसरू शकतात, त्यांच्या पंगतीत हे नाव बसतं. २०१९ मध्ये हार्मोनतज्ज्ञ आणि शल्यविशारदांनी उघड विरोध केला. पिट्युटरीची गाठ दूर पसरण्याचं प्रमाण हजारात एकदोन इतकंच. उलट, शवविच्छेदनांत आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये दहातल्या एकाहून जास्त जणांत बारीक गाठ दिसते, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. हे आकडे समोर असताना सरसकट सगळ्यांना घातक कोड देणं मला पटत नाही. घुसणाऱ्या गाठी वेगळ्या नोंदवता आल्या असत्या. तरी २०२२ मध्ये नवं नाव आणि नवा कोड दोन्ही आले. बऱ्याच रिपोर्टमध्ये आता जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं दिसतं.

आपल्याकडे याचा धागा विम्यापर्यंत जातो. गंभीर आजारांच्या पॉलिसीत ‘मेंदूची साधी गाठ’ ही जी ठरलेली व्याख्या असते, तिच्यातून पिट्युटरीच्या गाठी नाव घेऊन वगळलेल्या आहेत. कॅन्सरच्या व्याख्येत बसायला घातकपणाचा पेशीतला पुरावा लागतो, आणि नुसता कोड बदलल्याने तो पुरावा तयार होत नाही. त्यामुळे रिपोर्टवर नवं नाव छापलेल्या पेशंटने क्लेमच्या अर्जासोबत गाठीचं वर्तन स्पष्ट सांगणारं डॉक्टरांचं पत्र जोडावं.