टोपीचा बिल्ला (ब्रिटिश सैन्य)

ब्रिटिश पलटणींचे सैनिक टोपीवर लावतात ते धातूचे चिन्ह. शिपाई कुठल्या पलटणीचा हे त्यावरून ओळखू येते. ती पलटण कुठे लढली हेही पुष्कळदा त्यातच लिहिलेले असते. आज तळहातात मावणारा हा बिल्ला सुरुवातीला चांगला मोठा पत्रा होता.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रेनेडियर, म्हणजे हातगोळे फेकणाऱ्या, शिपायांच्या उंच, निमुळत्या टोप्यांवर भरतकाम असे. पलटण ही कर्नलच्या मालकीची असल्यासारखीच चाले, त्यामुळे टोपीवर त्याच्या घराण्याचे चिन्ह येणे ओघानेच आले. १७५१ च्या राजाज्ञेने हा प्रकार बंद केला. १७६८ मध्ये ग्रेनेडियरांना अस्वलाच्या कातड्याची टोपी मिळाली आणि तिच्या दर्शनी बाजूला धातूचा पत्रा बसला. १८०० मध्ये पायदळात नळकांड्यासारखी शाको टोपी आली. तिच्यावरचा पितळी पत्रा जवळपास ६ इंच उंच होता आणि त्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे व सिंह असत. शिपाई राजाचा, एवढेच तो पत्रा सांगे. पलटणीच्या वाट्याला आला तर तिचा क्रमांक.

ग्लॉस्टरशायरच्या २८ व्या पलटणीची गोष्ट मात्र निराळी. २१ मार्च १८०१ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समोर शत्रू असतानाच पाठीमागून फ्रेंच घोडदळ चालून आले. मागची रांग जागच्या जागी वळली आणि दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून लढल्या. तेव्हापासून या पलटणीच्या टोपीवर पुढे एक आणि मागे एक असे दोन बिल्ले आले. तिचा वारसा सांगणाऱ्या 'द रायफल्स' या पलटणीने मागचा बिल्ला अजून राखला आहे.

१८८१ च्या फेररचनेत पायदळाचे क्रमांक जाऊन परगण्यांची नावे आली आणि बिल्ल्यांना खरा बहर आला. जिब्राल्टरचा किल्ला व किल्ली, 'हिंदुस्तान' असे लिहिलेला लेस्टरशायरचा वाघ, अशी चिन्हे टोप्यांवर दिसू लागली. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बिल्ला हायलँड लाइट इन्फंट्रीचा. चांदण्यासारखा पांढरा तारा, त्यावर रणशिंग, शिंगाच्या पोटात पलटणीची आद्याक्षरे, खाली 'असई' ही अक्षरे असलेली पट्टी आणि अगदी तळाशी इवलासा हत्ती. हे असई म्हणजे जालना जिल्ह्यातले गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. मराठ्यांच्या तोफांसमोर ७४ व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणीची, म्हणजे १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्रीत सामील झालेल्या पलटणीची, अक्षरशः दाणादाण उडाली. तिचे जवळपास सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. हत्ती हा त्या दिवसाचा मान. बिल्ला विजयाचा आहे खरा, पण त्यातला हत्ती मराठी तोफखान्याच्या कामगिरीचीही साक्ष देतो, असे मला वाटते. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सच्या बिल्ल्यातल्या पेटत्या हातगोळ्यावरही वाघ व हत्ती होते. नाव आयर्लंडचे असले तरी ही पलटण कंपनी सरकारच्या मद्रास आणि मुंबई येथील युरोपीय पलटणींतून घडली होती.

हे बिल्ले साच्यात ठोकून काढत. पितळेवर पांढरा धातू जोडलेले दुरंगी बिल्ले विशेष देखणे. मागे दोन कड्या व त्यांतून जाणारी पिन, किंवा टोपीच्या खाचेत सरकवायची उभी पट्टी असे. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, काटकसरीसाठी अनेक बिल्ले नुसत्या पितळेचे झाले, तर दुसऱ्या महायुद्धात चक्क प्लास्टिकचे. १९५० च्या दशकात मुलाम्याचे चकचकीत ॲल्युमिनियम आले. ते घासावे लागत नाही. जुन्या पितळी बिल्ल्यावर रोजच्या घासण्याने सिंहाचे तोंड गुळगुळीत झालेले दिसते. ती झीज नव्या बिल्ल्याला येत नाही.

काळ ठरवायला मुकुट पाहावा. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या फुगीर, तर १९५३ नंतर एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या. चार्ल्स राजाच्या काळात फुगीर मुकुट परतला आहे.

१९५९ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्री आणि रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स या दोन पलटणी मिळून एक झाल्या. नव्या पलटणीच्या टोपीवर पेटता गोळा आला. असईच्या हत्तीला तिथे जागा उरली नाही.