घशाच्या आशीर्वादाची जोडमेणबत्ती : घेण्याआधी हे वाचून घ्या

जानेवारी संपत आला की दुकानात एकच विचारणा, त्या लाल रिबिनीच्या दोन मेणबत्त्या आल्या का. आणि हल्ली चर्चमध्ये न जाणारे लोक पण विचारून राहिलेत की ही घरी लावली तर घसा बरा होतो का हो? गर्दीत काउंटरवर एकेकाला समजावून सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला, प्रत्येक पुडक्यात टाकतोय.

ही मेणबत्ती संत ब्लेझ यांच्या नावाची, त्यांच्या सणाला चर्चमध्ये हिने घशाला आशीर्वाद देतात. ते आर्मेनियातल्या सेबास्ते गावचे बिशप, आज ते गाव तुर्कस्तानात आहे, सिवास म्हणतात त्याला. ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता त्या काळात, इ.स. 316 च्या सुमारास, त्यांना मारलं असं परंपरा सांगते. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी अंग फाडलं आणि मग शिरच्छेद केला, म्हणून युरोपातल्या लोकर विंचरणाऱ्या कारागिरांनीही पुढे त्यांनाच आपले संत मानलं. बाकी त्यांच्याबद्दल जे ऐकतो ते बरंचसं कथेतलं आहे, चरित्रं पुष्कळ नंतर लिहिली गेली, हे आधीच सांगून ठेवतो.

कथा मात्र जबरदस्त आहे. त्यांना पकडून नेत असताना एक आई पोराला घेऊन धावत आली, पोराच्या घशात माशाचा काटा अडकलेला, जीव जायची वेळ, बिशपांनी प्रार्थना केली आणि पोरगं वाचलं. मग मेणबत्ती कुठून आली? तर एका गरीब बाईचं डुक्कर लांडग्याने पळवलं होतं, ब्लेझ यांच्या सांगण्यावरून लांडग्याने ते परत आणून सोडलं म्हणे, ते उपकार तिने लक्षात ठेवले आणि ते तुरुंगात असताना खाणं आणि अंधाऱ्या कोठडीसाठी मेणबत्त्या घेऊन गेली. आम्हा मेणबत्तीवाल्यांना ही बाई संतांइतकीच जवळची आहे, खरं सांगायचं तर.

घशासाठी त्यांचं नाव घेणं जुनंच आहे. आमिदा गावचा एटिअस म्हणून सहाव्या शतकातला ग्रीक वैद्य होता, त्याच्या वैद्यकाच्या ग्रंथातच घशात काही अडकलं तर ब्लेझ यांचं नाव घ्यायचं लिहिलंय. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराचे तर ते पालक संत, तिथला 3 फेब्रुवारीचा सण 2009 साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. इतकं लांब कशाला, मुंबईला अंधेरीत आंबोलीचं जुनं चर्च त्यांच्याच नावाचं आहे.

आता विधी. आपल्या नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण 24 जानेवारीला, त्यानंतर 2 फेब्रुवारीला मेणबत्त्यांवर आशीर्वाद होतो आणि 3 तारखेला संत ब्लेझ. (काही पॅरिशमध्ये, म्हणजे भागाच्या चर्चमध्ये, जवळच्या रविवारी ठेवतात, नोटीस बघून जा.) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर रांग लागते, फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या हनुवटीखाली टेकवतात, गार मेण गळ्याला लागलं की लहान पोरं मान आखडून खुदखुदतात, मागून आईचा चिमटा. प्रार्थना छोटीशी आहे, की बिशप आणि रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी जीव दिलेले) संत ब्लेझ यांच्या मध्यस्थीने देव तुला घशाच्या आजारातून आणि इतर सगळ्या आजारांतून सोडवो. नीट ऐका, सोडवणारा देव आहे, मध्यस्थी संतांची आहे, मेणबत्तीचं त्यात नाव पण नाही. मग आम्ही कोण सांगणारे की आमच्या मेणबत्तीने टॉन्सिल बरे होतात?

म्हणून मोकळेपणाने लिहितोय. माशाचा काटा अडकला तर भाताचा कोरडा गोळा किंवा केळं गिळून तो ढकलत बसू नका, आणखी खोल रुततो, सरळ मेडिकल किंवा मेयो, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या, कान-नाक-घसा विभागात जा. आणि समोरच्याला बोलता येत नाही, खोकता येत नाही, श्वासच बंद झालाय असं दिसलं तर 108 ला फोन लावायला कुणाला तरी सांगा आणि त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा मारा, नाहीच निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर पोटावर पाच झटके, आत आणि वरच्या दिशेने (एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत). प्रार्थना हात चालू असतानाही करता येते. आणखी एक, आवाज तीन आठवडे बसलेलाच आहे, गिळताना दुखतं, तोंडातली जखम भरत नाही, आणि खिशात खर्र्याची (सुपारी-तंबाखूची) पुडी, अशा भाऊंनी मेणबत्ती नंतर घ्यावी, आधी तपासून यावं. राग आला तरी चालेल.

खरेदीचं सांगतो. रांगेत शंभर माणसं असली तरी फादरना एक जोड पुरते, त्यामुळे घरातल्या माणशी एक घ्यायची काहीच गरज नाही, घरी आजाऱ्याजवळ प्रार्थना करताना लावायची तर एकच जोड आशीर्वाद करून ठेवा. सॅटिनची रिबिन मेणावरून घसरते, म्हणून आम्ही आधी सुती दोऱ्याची गाठ मारतो आणि वरून लाल रिबिन, लाल रंग रक्तसाक्षींचा. गळ्याला लावताना सहसा पेटवत नाहीत, तुम्हीही पेटवू नका, केस आणि ओढणी दोन्ही जवळ असतात. घरी लावताना रिबिन सोडून दोन्ही वेगवेगळ्या उभ्या करा.

पॅराफिन वितळतं साधारण 50 ते 65 अंशांच्या दरम्यान, पण वाकायला त्याच्या बरंच आधी लागतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवाल तर जूनपर्यंत जिलेबी होईल. कागदात गुंडाळून आडवी, खालच्या कप्प्यात ठेवा. आशीर्वाद झालेले तुकडे कचऱ्यात टाकत नाहीत, जाळून संपवा नाहीतर मातीत पुरा, आमच्याकडे वितळवायला आणू नका, ते आम्ही घेत नाही. साधे तुकडे घेतो.

चर्चसाठी जाड जोड हवी असेल तर 24 जानेवारीच्या आधी सांगून ठेवा, त्यानंतर हाताने गाठी मारायला माणसं पुरत नाहीत.